सिरीयस म्हंजे सलाईन

नाय, पण मी म्हणतो, गरजच काय होती इंग्रजी बोलायची? चांगली मराठी पोरगी, मराठी बापाची, मराठी माणसाला फोन लावते, चार वाक्यं धड मराठीत बोलते, आणि नेमका जिथं माणसाचा जीव अडकलेला असतो तिथं शब्द टाकते इंग्रजी... बरं, टाकते तर टाकते, साधा शब्द टाक, थँक्यू टाक, सॉरी टाक, कोण नको म्हणतंय? नाय. सिरीयस! अहो, सिरीयस हा काय फोनवर बोलायचा शब्द हाय का? तुम्हाला सांगतो, आमच्याकडं सिरीयस म्हंजे सलाईन. दुसरा अर्थ आमच्या बापाला म्हाईत नव्हता आणि आमचं त्याच्यावाचून काय अडलं नव्हतं.

मी बन्सी. एसटीत कंडक्टर, पैठण लाईनला. आता कंडक्टर म्हणलं की लोकांना वाटतं ह्याला फक्त 'पुढं सरका' येतं. पण तुम्ही विचार करा, दिवसभर माझ्या दारातनं माणसं चढतात म्हंजे भाषा पण चढतेच ना? तिला काय तिकीट नसतं. पैठणला पैठणी विणणारी बाई चढते ती वेगळं बोलते, ढोरकीनचा शेतकरी वेगळं बोलतो, चित्तेगावला कामगार चढतात ते 'कंडक्टरसाब, जरा रुकवाना' म्हणतात, आणि मागच्या सीटवर कॉलेजच्या पोरी. त्यांचं काय चाललेलं असतं? एक म्हणते, 'मी केस कापणार.' दुसरी म्हणते, 'सिरीयसली?' तिसरी म्हणते, 'सिरीयसली?' आता केस कापण्यात सिरीयस काय हाय, मला सांगा. पहिल्यांदा ऐकलं तवा मी बिचाऱ्यानं वळून विचारलं, 'कोण हाय गं ॲडमिट?' तर पैठण येईपर्यंत हसत होत्या माझ्याकडं बघून.

मग गावाकडं एक पुढारी. दर इलेक्शनला यायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, 'तुमच्या रस्त्याचा प्रश्न मी सिरीयसली घेतलेला आहे.' आमच्या आक्कानं, म्हंजे माझी थोरली बहीण आवडाबाई, लासूर स्टेशनला असती, तिनं एकदा तोंडावर सांगितलं, 'दादा, तुम्ही सिरीयसली घेतला तवापासनं तो रस्ता उठलाच नाय बघा.' तिला तर तोच अर्थ ठाऊक ना! सिरीयस म्हंजे सलाईन, आणि सलाईन लागली की माणूस आडवा.

आणि शाळेत? शाळेत तर त्याहून. आमचा प्रणय, एकुलता एक, तो लहानपणापासनं हसरा. हसरा म्हंजे किती? मार खाताना हसायचा. मारणारा थकायचा आणि मग तो पण हसायला लागायचा. तर पालक सभेला आमच्या मंडळी गेल्या, करुणाबाई. वर्गाच्या बाईंनी तोंड एवढं करून सांगितलं, 'तुमचा प्रणय अजिबात सिरीयस नाहीये हो.' तर ही पदर सावरून म्हणते कशी, 'नाय ना? लई बरं झालं बाई, जीवात जीव आला माझ्या.' आणि येताना बाईंना शेवेची पुडी देऊन आली. तुम्ही हसता, पण तिचं काय चुकलं? आईला पोरगं सिरीयस नाय म्हणलं तर आनंद होणारच की.

हा आमचा प्रणय मोठा झाला, शिकला, वाळूजला कंपनीत लागला, क्वालिटीत हाय, सगळं हसत हसत. आम्हाला वाटलं, चला, आता पोरगी बघू. मी म्हणलं, 'बघू का रे?' तर हसला. ही म्हणली, 'कुणी बघून ठेवली का रे?' तर जास्तच हसला. आता हसण्यातनं व्हय कोणचं आणि नाय कोणचं हे ओळखायचं कसं? त्याला मशीन नाय निघाली अजून.

तर त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, गाडी पैठणहून परत निघालेली. बिडकीन आलं. बाजारचा दिवस, गाडी अशी भरलेली की माझा एक पाय माझा हाय का दुसऱ्याचा तेच कळंना. आणि खिशात फोन वाजला. नंबर अनोळखी. मी तिकिटाची मशीन काखेत धरली, फोन कानाला लावला. तिकडून बाईचा आवाज. असा मऊ, हळू, एकेक शब्द निवडून बोलणारा. असा आवाज कुणाचा असतो? नर्सचा. बरोबर ना?

'काका, मी मोनाली बोलतेय. प्रणयबद्दल थोडं बोलायचं होतं. तुम्ही घाबरू नका.'

घाबरू नका म्हणलं की माणूस आधी काय करतो? घाबरतो. मी म्हणलं, 'काय झालं?'

'काका, प्रणय सिरीयस आहे.'

झालं. माझ्या पायाखालची गाडीच सरकली. मी म्हणलं, 'क... कवापासनं?'

'वर्ष होऊन गेलं, काका. त्यानं घरी सांगितलं नाही का? मला आधी वाटलं तसं काही नसेल, पण आता खूपच सिरीयस आहे तो.'

वर्ष! पोरगं वर्षभर आजार लपवतंय आणि आमच्यासमोर बसून हसतंय? मी विचारलं, 'मग आता... काय म्हणतात?' म्हंजे डॉक्टर काय म्हणतात असं विचारायचं होतं मला, पण तो शब्दच तोंडातनं निघंना.

तर ती म्हणते, 'नाना निघालेत, येतीलच आता. ते एकदा स्वतः बघतील आणि होय की नाही ते आजच सांगतील. खरं सांगू का काका, आत्तापर्यंत तर ते नाहीच म्हणालेत. पण तुम्ही आणि काकू समोर असलात तर कदाचित...' आणि आवाज भरून आला हो तिचा. मला वाटलं, बघा, नर्सला सुद्धा रडू येतंय म्हंजे काय अवस्था असंल. 'कुठं हाय तो?' म्हणलं. 'संजीवनीत, काका. वरच्या मजल्यावर, एसीत बसवलंय त्याला. लवकर या.' आणि फोन बंद.

आता तुम्हीच सांगा. पोरगं सिरीयस, संजीवनीत, वरच्या मजल्यावर, एसीत, आणि नाना नावाचा मोठा डॉक्टर येऊन व्हय का नाय सांगणार. ह्यातनं दुसरा काय अर्थ निघतो? तुमच्यातला जो कुणी मनात म्हणत असंल ना, 'बन्सीभाऊ, तुम्हाला कळायला पाहिजे होतं,' त्यानं एकदा बिडकीनच्या बाजारात काखेत मशीन धरून हा फोन घेऊन दाखवावा.

मी प्रणयला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलंना. त्या मोनालीला परत लावला. ती पण उचलंना. मी मटकन बसलो. कुठं बसलो? एका म्हाताऱ्याच्या मांडीवर. तो म्हणला, 'काय झालं?' मी म्हणलं, 'पोरगं सिरीयस हाय.' आणि तुम्हाला सांगतो, सगळी गाडी चिडीचूप. जागेवरनं भांडणाऱ्या दोन बाया होत्या, त्या गप झाल्या आणि मला दोघींनी मिळून जागा करून दिली. कुणी पाणी दिलं. एक शहाणा म्हणतो, 'काळजी नका करू मास्तर, माझा साडू असाच सिरीयस होता.' मी आशेनं विचारलं, 'मग?' तर म्हणतो, 'गेला.' ड्रायव्हर कृष्णा पुढनं आरशात बघतोय आणि ओरडतोय, 'बन्सीभाऊ, धीर सोडायचा नाय.' आणि त्याचेच डोळे पाण्यानं भरलेले. म्हणलं बाबा, तू डोळे पूस आधी, नाय तर सगळी गाडीच सिरीयस होईल. चित्तेगावला एक कामगार उतरणार होता, तो गाडी थांबायच्या आधीच दारात येऊन उभा. 'मामू, मेरे वास्ते लेट नको होना. बच्चा सीरियस है.' ना त्यानं विचारलं काय झालंय, ना गाडीतल्या कुणी विचारलं. सिरीयस म्हंजे काय हे विचारायला लागतं का? गाडीभर माणसं, हजार जातीची, शंभर बोलीची, पण एवढ्या एका अर्थावर सगळ्यांचं एकमत.

मधी मी करुणाला फोन लावला. मला वाटलं सावकाश सांगावं, बाईमाणूस हाय. मी म्हणलं, 'करुणा, तू आधी बस.' ती म्हणली, 'कोण गेलं?' बघा. मी म्हणलं, 'गेलं नाय, प्रणय जरा सिरीयस हाय, संजीवनीत हाय, तू बसस्टँडवर ये.' तिकडनं फोन पडल्याचाच आवाज आला. पडता पडता तिनं काय केलं असंल? लासूरला आक्काला लावला. आता आमच्या घरात बातमीचं कसं असतं, मी 'जरा सिरीयस' सांगितलं, करुणानं 'लई सिरीयस' केलं, आक्कानं दाजींना सांगताना 'ऑक्सिजनवर हाय' केलं, दाजींनी गल्लीत सांगताना व्हेंटिलेटर लावला, आणि गल्लीनं त्याला ट्रकखाली घातला. हे सगळं मी बिडकीनहून शहरात पोहोचेपर्यंत.

बसस्टँडवर उतरतो तर करुणा उभी. एका हातात थर्मास, एका हातात चादर, डोळे सुजलेले. आणि पाठोपाठ क्रुझर आली लासूरची. काय भरलेली! आक्का पुढं, दाजी मधी, आक्काचे दीर, दिरांच्या सुना, शेजारचे, शेजाऱ्यांचे पाहुणे, रक्त द्यायला तीन गडी वेगळे, आणि वर टपावर शहाळी. आक्का उतरली ती गळ्यात पडली, 'बन्स्या रे, वर्षभर कसं सोसलं रे माझ्या लेकरानं.' आणि स्टँडवरच रडारड सुरू. रिक्षावाल्याला म्हणलं, 'संजीवनी माहीत हाय का?' तो म्हणला, 'वो क्या, मोंढ्यापास. चलो.' पुढं रिक्षा, मागं क्रुझर.

संजीवनीसमोर उतरलो. पाटी केवढी मोठी, 'संजीवनी, शुद्ध शाकाहारी.' मला वाटलं, असंल दवाखान्याचा नियम. खाली डोशाचा वास. मला वाटलं, असंल कँटीन. अहो, डोक्यात एकदा सलाईन लागली की डोळ्यांना दुसरं दिसत नाय. दारावरच्या माणसानं वाकून विचारलं, 'किती जण?' आक्का म्हणली, 'सगळेच.' तो म्हणला, 'फॅमिली का?' आक्का म्हणली, 'मग? सावत्र दिसतो का आम्ही?' आणि जिना चढायला लागली. आता आक्काला चढताना दम लागतो, आणि रडताना पण दम लागतो, दोन्ही एकदम चाललेलं. पाठोपाठ चादर, थर्मास, शहाळी आणि रक्त देणारे.

वर काचेचं दार. दार ढकललं. एसी. समोर टेबल. टेबलाला आमचा प्रणय.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस तेल लावून चापलेले, दोन्ही हात मांडीवर, मान खाली, घामाघूम आणि... हसत नव्हता. अहो, जन्मात पहिल्यांदा माझं पोरगं हसत नव्हतं. आता माझी खात्रीच पटली. आक्कानं टाहो फोडला, 'बघा कसा पांढरा पडलाय गं बाई,' आणि त्याचं डोकं धरून स्वतःच्या पोटाशी दाबलं. त्यातनं त्याला श्वास घेता येईना, तर दाजी म्हणतात, 'बघा, श्वास लागलाय.' करुणा कपाळ चाचपतीय, एकानं शहाळं फोडून त्याच्या तोंडाला लावलं, एक गडी बाही वर करून उभा, 'कुठं द्यायचं रक्त?' आणि पोरगं आक्काच्या पदरातनं 'ऊं ऊं' करतंय.

त्याच टेबलाला एक गृहस्थ बसलेले. पांढरा सफारी, जाड चष्मा, कपाळाला आठी, हातात चमचा. मी ओळखलं. हेच ते नाना, मोठे डॉक्टर. मागचा पुढचा विचार नाय केला, तुम्हाला सांगतो, सरळ त्यांचे पाय धरले. म्हणलं, 'साहेब, तुम्ही नाय म्हणालात असं ऐकलं. पण नाय म्हणू नका. एकुलता एक हाय. तुम्ही व्हय म्हणलं तरच माझं पोरगं वाचतंय.'

ते हेडमास्तर होते, रिटायर झालेले. मला काय ठाऊक? हेडमास्तरच्याच आवाजात म्हणाले, 'उठा. मी डॉक्टर नाही. मी मुलीचा बाप आहे.'

मी तसाच खाली बसून त्यांच्याकडं बघतोय. डोक्यात काही शिरंना. मला त्यांची कीव आली. म्हणलं, 'म्हंजे तुमची मुलगी पण सिरीयस हाय?'

ते चमचा खाली ठेवून म्हणाले, 'हो. दुर्दैवानं.'

तवा त्यांच्या शेजारची पोरगी उठून उभी राहिली. डोळ्यात पाणी, हातात रुमाल, आणि तोच आवाज, मऊ, निवडून बोलणारा. 'काका, मीच मोनाली. मीच फोन केला होता. प्रणय माझ्याबद्दल सिरीयस आहे. लग्नाबद्दल.'

आता ह्या वाक्यानंतर तिथं काय दिसत होतं सांगू? करुणाचा हात प्रणयच्या कपाळावर, आक्काचा पदर त्याच्या तोंडावर, शहाळं कलतं झालेलं आणि पाणी नानासाहेबांच्या डोशात गळतंय. मी हळूच उठलो. गुडघे झटकले. काहीतरी बोलायला पाहिजे ना? म्हणलं, 'जयभीम.' ते म्हणाले, 'जयभीम. बसा.'

मग सगळं कळलं. पोरगं आणि पोरगी वर्षभर एकमेकांना ओळखत होते. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. नानासाहेबांना जात-पात, घरदार, पगार कशाचीच अडचण नव्हती. त्यांची अडचण एकच, मुलगा सिरीयस नाय. दोनदा भेटले, दोन्ही वेळा हा हसला. एकदा त्यांनी विचारलं, 'जीवनाचं ध्येय काय?' तर फिस्सकन हसला. आज शेवटची संधी होती. मोनालीनं त्याला बजावून आणलं होतं, माझ्यासारखा तू पण फोन सायलेंटवर ठेव, मान खाली ठेव, आणि मेलास तरी हसायचं नाही. आणि बिचारा एवढा वेळ तसा बसला होता, आम्ही यायच्या आधीपर्यंत नानासाहेब जवळजवळ मऊ पण पडले होते म्हणे. आणि मग आलो आम्ही.

आणि आता, तुम्हाला सांगतो, व्हायचं तेच झालं. आक्कानं पदर काढला. प्रणयनं वर बघितलं. समोर मी, अजून गुडघे झटकतोय. शेजारी बाही वर केलेला गडी, अजून उभाच, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रणयचा ओठ हलला. मोनालीनं टेबलाखालनं लाथ मारली, ती लागली मला. आणि पोरगं सुटलं. असं हसलं, असं हसलं की खुर्चीवरनं घसरलं. डोळ्यांतनं पाणी, पोट धरलेलं. मोनालीनं तोंड झाकून घेतलं. करुणानं माझ्याकडं बघितलं, ती नजर मी ओळखतो, 'घालवलं सगळं तुम्ही' अशी. आणि मला तर पोरगं जिवंत हाय ह्याचा आनंद धड करता येईना, कारण पोरगी आवडली होती हो मला. आमच्या दारात एवढं निवडून बोलणारं माणूस कवा आलं होतं? आणि ती आमच्याच पायगुणानं चालली होती निघून.

मोनालीला घाबरलं की शिकवायला होतं, हे मला नंतर कळलं. ती एकदम बोलायलाच लागली, वर्गात उभी राहिल्यासारखी. 'चूक कुणाचीच नाहीये, नाना. शब्दाचं मूळ बघा. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ वजनदार. ज्याला वजन आहे ते. मग वजनदार म्हणून महत्त्वाचं, महत्त्वाचं म्हणून थट्टेवारी न नेण्यासारखं. त्यातूनच माणूस सिरीयस, प्रेम सिरीयस, आणि आजारही सिरीयस. आपल्याकडे गंभीरचं तसंच आहे. गंभीर म्हणजे मुळात खोल. खोल पाणी. चेहरा गंभीर, प्रकृतीही गंभीर.'

दाजींना पटलं. म्हणाले, 'म्हंजे इंग्रजानं वजन करून बघितलं आणि आपण खोली मोजली.' ती म्हणली, 'हो, दाजी.' लगेच दाजी म्हणली बघा, ऐकलंत का? माझा जीव अजून तुटला.

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आमच्या लोकांवरनं नजर फिरवली. चादर बघितली, थर्मास बघितला, शहाळी बघितली. मग मला विचारलं, 'ही एवढी माणसं... एका शब्दावर आली?'

मी मान खाली घातली. पण आक्का गप बसणाऱ्यातली नाय. ती म्हणली, 'शब्दावर कशाला येऊ, गुरुजी? शब्द आम्हाला कुठं कळला? पोरावर आलो.'

नानासाहेबांनी शहाळ्याचं पाणी पडलेला डोसा बाजूला सारला. मग म्हणाले, 'गेल्या साली मला झटका आला होता. मी खरोखर सिरीयस होतो, तुमच्या अर्थानं. दवाखान्यात ही पोरगी एकटी होती. बाकी सगळ्यांनी मोबाईलवर फुलं पाठवली. लोक म्हणाले, गर्दी करू नये, पेशंटला त्रास होतो.' आणि चष्मा परत पुसायला काढला. 'मला थोडा त्रास झाला असता तर चाललं असतं.'

आक्कानं न विचारता त्यांच्यापुढं शहाळं ठेवलं. ते म्हणाले, 'मोनाली सांगते ते खरं असेल, तर मुलात वजन आहे का नाही ते मला अजून ठाऊक नाही. पण ह्या घराला वजन आहे.' म्हणताना त्यांची नजर नेमकी आक्कावर होती, तर आक्का म्हणली, 'गुरुजी, थायरॉईड हाय मला.' आणि तुम्हाला खोटं वाटंल, नानासाहेब हसले. चांगले दात दिसेपर्यंत. प्रणय तर हसतच होता. मोनाली रडत होती आणि हसत होती. रक्त देणाऱ्या गड्यानं एकदाची बाही खाली केली. नानासाहेब म्हणाले, 'माझी हरकत नाही.'

मग काय! टेबलं जोडली. डोसे आले, इडल्या आल्या, आक्काला डोसा आवडला नाय पण तिनं दोन खाल्ले. दाजी आणि नानासाहेब शब्दांवर बोलत बसले. करुणानं मोनालीचा हात धरला तो सोडलाच नाय, ती पोरगी एका हातानं खात होती. आणि मी बघत बसलो, आमचं पोरगं असं ठणठणीत समोर बसलेलं, खातंय, हसतंय. सकाळी ह्याच पोरासाठी मी गाडीत काय काय बोललो होतो मनातल्या मनात, ते इथं नाय सांगत. मला काही खाणं गेलं नाय. बघूनच पोट भरलं होतं.

आता इथं संपायला पाहिजे होतं, नाय का? मी पण तसंच समजलो. कानाला खडा लावला, परत इंग्रजी शब्दाच्या वाटेला जायचं नाय. मग आठवण झाली, आमची थोरली भावजय मुक्ताबाई, ती बिचारी लासूरला आमच्या जुन्या घरीच राहिली होती, क्रुझरमधी जागा नव्हती म्हणून. ती सकाळपासनं दारात बसून असंल, जीव टांगणीला. तिला कळवायला पाहिजे. आणि मी ठरवून, तुम्हाला सांगतो, अगदी ठरवून, शुद्ध मराठीत फोन केला. एक शब्द इंग्रजी नाय. आनंदानं माझा गळा दाटून आलेला. मी म्हणलं,

'वहिनी... झालं एकदाचं प्रणयचं. सुटलो.'

तिकडनं जो आवाज आला... तो फोन ठेवल्यावर पण माझ्या कानात होता. मी 'वहिनी, वहिनी, तसं नाय' म्हणतोय, पण ती कुठं ऐकते? तिनं फोन टाकला आणि गल्लीत गेली. परत लावला, उचलंना. आणि ह्यात इंग्रजी कुठं होतं, सांगा ना? आपलीच भाषा, आपलाच शब्द, घरचा, रोजचा. झालं म्हणलं लग्नाला, झालं ऐकलं भलतंच. मोनाली म्हणली, 'काका, मूळ बघितलं तर...' मी म्हणलं, 'पोरी, मूळ राहू दे, लासूरला चल.'

क्रुझर पळवली. प्रणयला मुद्दाम पुढं बसवला, म्हणलं, लोकांना दिसू दे. गल्लीत शिरलो तर आमच्या दारात ताडपत्री, खाली माणसं बसलेली, सगळी गप. गाडी थांबली. प्रणय खाली उतरला, आणि अर्थातच, हसला. दोन म्हाताऱ्या उठून पळाल्या. मुक्ताबाई वहिनी पुढं आली, त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, आणि एक सणसणीत ठेवून दिली. मग मिठी मारून रडली. आणि मग, माणसं जमलेलीच होती, ताडपत्री टाकलेलीच होती, तिथंच साखर वाटली. पोरीला सगळ्या गावानं बघितलं, सगळ्यांनी पसंत केली, एकाचंही मत वेगळं पडलं नाय.

आता पुढच्या महिन्यात लग्न हाय. तुम्ही सगळ्यांनी यायचं, घरचं कार्य समजून यायचं. फक्त फोन करून विचारू नका, मी आता फोनवर बोलतच नाय, हूं आणि नाय एवढंच म्हणतो. पत्रिका छापायला टाकलीय. मजकूर मोनालीनं लिहिलाय, नानासाहेबांनी तपासलाय, दोघांच्या हाताखालनं गेलाय म्हंजे चूक निघणार नाय. तरी पण सगळ्यात वर, दोघांच्याही नावाच्या वर, ठळक अक्षरात एक ओळ मी माझ्या हातानं घालून घेतलीय. 'नवरदेवाची तब्येत उत्तम आहे. कृपया रडत येऊ नये.'